पडद्यामागचा ड्रायव्हर

लंबूने तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ती बसखालून बाहेर येत होती. आधी बूट, मग ग्रीसने माखलेले हात, आणि शेवटी कपाळावर चिकटलेली एक बट. पाऊस नुकताच उघडला होता. डेपोतल्या डबक्यांमध्ये ढग उलटे तरंगत होते.

"अहो, जरा ऐकता का? माझ्या गाडीवर नवा ड्रायव्हर येणार आहे. कुठे दिसला का?"

ती उठून उभी राहिली. उभी राहिली तरी त्याच्या शर्टाच्या खिशाशीच आली.

"दिसला ना," ती म्हणाली. "हात धुवायला निघालाय."

आणि खरंच नळाकडे चालती झाली. लंबू तिथेच खांबासारखा उभा! संध्याकाळपर्यंत डेपोने दोघांचं बारसं करून टाकलं होतं – लंबू-टिंगू. खरी नावं फक्त पगाराच्या दिवशी आठवायची.

त्यांची बस देशाच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर जायची. आधी सपाट शेतं, मग मिठाचं पांढरंशुभ्र मैदान, मग डोंगर, आणि डोंगर उतरलं की दुसरा समुद्र. एवढ्या लांबच्या गाडीला ड्रायव्हर दोन. एक चालवणार, तेव्हा दुसऱ्याने सीटच्या मागच्या फळीवर, निळ्या पडद्याआड झोपायचं. नियमच तसा. एकाचा दिवस ती दुसऱ्याची रात्र. जोडीने अख्खा देश पालथा घालायचा आणि भेट व्हायची ती फक्त गाडी ताब्यात देताना-घेताना, घोटभर चहापुरती.

पण त्या घोटभर चहात काय काय मावायचं!

"डावा आरसा थरथरतोय," ती सांगायची. "पुढे पुलाचं काम चाललंय. आणि मागचं बाळ आत्ता कुठे झोपलंय, ब्रेक जपून."

"आणि?"

"आणि काय?"

"ड्रायव्हरची तब्येत. तीही सांगायची असते."

"ड्रायव्हर ठणठणीत आहे. फक्त मागे कुणी घोरत असलं, की इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही."

"मी घोरत नाही हं!"

"बरोबर. तुम्ही तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढता."

तिचे पाय क्लचपर्यंत पोचायचे तर सीट पुढे ओढावी लागे. एकदा लंबूने उठण्याआधीच ती ओढून ठेवली. गुडघे स्टिअरिंगला घासले, पण ठेवली. ती चढली, सवयीने सीटखालच्या दांड्याकडे हात नेला... आणि हात तसाच राहिला. तिची ड्युटी संपली तेव्हा सीट पार मागे सरकवलेली होती, अगदी त्याच्या मापाने. याहून स्वस्तात कुणी प्रेमात पडलं असेल असं वाटत नाही.

पडद्याआड पडून तो तिचं गुणगुणणं ऐकायचा. चढ आला की ती गाडीला चुचकारायची, "चल गं बाई, झालंच आता..." गाडी चढायची आणि लंबूला झोप लागायची. आईच्या अंगाईनेही त्याला इतकी गाढ झोप कधी लागली नसेल.

आणि मग ती फेरी आली.

निघायच्या आधी डेपोचे साहेब चहा पिता पिता सहज म्हणाले, "ही तुमची शेवटची फेरी हं, एकत्र. टिंगूने दुसरी गाडी मागितलीय." एवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते पाठ फिरवून बोलत बसले.

लंबूच्या पायाखालची जमीनच सरकली. तिला तिथल्या तिथे विचारलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण प्रेमात पडलेला माणूस विचारत नाही, अर्थ लावत बसतो. आपण फार घोरतो. आपण फार चिडवतो. का... आपलं गुपित तिला कळलं, आणि ते तिला नकोय?

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने स्टिअरिंग हातात घेतलं आणि तो पडद्याआड गेला. डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. पडद्याच्या विणीतून ऊन झिरपत होतं. बाहेर मिठाचं मैदान आलं असावं, कारण सगळा पडदाच उजळून निघाला होता. आज ती गुणगुणतही नव्हती. ही गाडी, हा आवाज, हा निळा उजेड... परवापासून यातलं काहीच आपलं नसणार.

दुपारी तिने बस एका मोठ्या झाडाखाली उभी केली आणि पडदा सरकवला. गाडी ताब्यात घ्यायला तो उठला, तर ती त्याच्या चेहऱ्याकडे रोखून बघत होती.

"उशीचा वळ कुठाय?"

"कसला वळ?"

"तुमच्या गालावर असतो तो. डाव्या, कानापासून हनुवटीपर्यंत." तिच्या भुवया आक्रसल्या. "तुम्ही झोपलाच नाहीत!"

लंबूचा हात गालावर गेला. हा वळ त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हता.

न झोपलेल्या ड्रायव्हरच्या हाती गाडी द्यायची नाही, आणि तिचे स्वतःचे तास तर भरलेले. तिने इंजिन बंद केलं आणि मागे वळून खणखणीत आवाजात सांगितलं, "मंडळी, गाडी थोडा वेळ थांबणार. दुसऱ्या ड्रायव्हरची झोप झालेली नाही."

एकच कालवा झाला. एक विक्रेता बॅग छातीशी धरून पुढे आला. "अहो ताई, तिकडे माझं गिऱ्हाईक थांबलंय!"

"थांबलंय ना? मग थांबू दे की."

लोक कुरकुरत सावलीत उतरले. पहिल्या सीटवरच्या स्वेटर विणणाऱ्या मावशी मात्र हलल्या नाहीत. "माझे गुडघे दुखतात. तुमचं चालू द्या, मी काही ऐकत नाही." आणि त्यांच्या सुया जागच्या जागी थांबल्या.

"का नाही झोपलात?" टिंगूने विचारलं.

"तुम्ही जोडी मोडताय आणि मी झोपू?" बोलायचं नव्हतं ते तोंडातून निघून गेलं. "माझं काय चुकलं तेवढं तरी सांगा..."

"साहेबांनी सांगितलं?"

"हो."

"सगळं?"

"त्यांचा... फोन आला मध्येच."

टिंगूने कपाळाला हात लावला आणि फळीवर चढायच्या पायरीवर मटकन बसली.

"एक सांगा. आपण दोघं एका टेबलावर कधी जेवलोय?"

तो आठवत राहिला. "नाही."

"समुद्र एकत्र बघितलाय? नाही. मी जागी, तेव्हा तुम्ही पडद्यामागे. तुम्ही जागे, तेव्हा मी. आणि एका गाडीवरच्या दोघांना सुट्टी एकदम मिळत नाही. एक घरी गेला की दुसऱ्याने गाडीपाशी थांबायचं. म्हणून मागितली दुसरी गाडी." तिचा आवाज एकदम लहान झाला. "आणि गुरुवारची सुट्टी."

"गुरुवारच का?"

"तुमची कधी असते?"

"गुरु..." लंबू म्हणाला.

"अगं बाई!" मावशींच्या तोंडून निघालंच.

"मग मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की! मागच्या फेरीला, घाट उतरताना. डोळे रस्त्यावर होते, पण सांगितलं पडद्याला."

"मी काय म्हणालो?"

"तिसरा गिअर टाकलात."

तो हसला. मग हसता हसता त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलेही नाहीत. "तू मला आवडतेस," तो म्हणाला. "त्या नळापासून."

"परत म्हण," ती हळूच म्हणाली. "दोघंही जागे आहोत तोवर."

त्याने परत म्हटलं. वारा आला, झाडाची सावली काचेवरून सरकली, पुन्हा जागेवर आली.

"आता झोप," तिने डोळे पुसले. "प्रेम असलं तरी नियम तो नियम."

पडदा ओढला गेला. लंबू डोळे मिटून पडला. आता कसली झोप येतेय!

"लंबू..."

"हं?"

"झोपलेला माणूस हं म्हणत नाही."

त्याने ओठ घट्ट मिटून घेतले. थोड्या वेळाने पडद्याच्या कडेखालून एक हात आत आला, चाचपडत त्याच्या बोटांपाशी थांबला आणि तिथेच राहिला. पहाटेपासून गाडी हाकून दमलेला हात तो. बघता बघता जड झाला, सैल झाला... पायरीवर टेकलेल्या टिंगूचा श्वास संथ लयीत ऐकू यायला लागला. तो ऐकता ऐकता लंबूच्या पापण्या कधी मिटल्या, त्यालाही कळलं नाही.

विक्रेत्याने दारातून डोकं आत घातलं. "मावशी, झोपला का हो तो?"

मावशींनी ओठांवर बोट ठेवलं.

"अहो, पण ही पण झोपली! ड्युटी कुणाची आहे मग?"

"कुणाचीच नाही," मावशी कुजबुजल्या. "दार हळू लावा."