उलट्या पिळाची वात

मोबाइल खिशात घाला आधी. आणि तू रे, भिंतीला टेकून बस, मागून कोणी धरलं म्हणून बोंबलायला नको.

ही माझ्या मेहुण्याची गोष्ट. होड्यांच्या फटी बुजवणं हा त्याचा धंदा. कापसाची वात पिळायची, छिन्नी-हातोडीने फळ्यांच्या सांध्यात ठोकायची, वरून तेलात कढवलेली राळ फासायची. मग थेंब आत येत नाही.

गेल्या नोव्हेंबरातल्या शेवटच्या शनिवारी एका होडीवाल्याने त्याला बोलावलं. होडी दोघा भावांची. धाकटा तीच घेऊन एकटा समुद्रात गेला होता. होडी तेवढी परत आली, उलटी. आता थोरल्याला ती विकायची होती.

मेहुण्याने जुनी राळ खरवडली. सगळ्या सांध्यांत धाकट्याच्या हातची वात. तो डावखुरा, त्यामुळे पीळ उलटा, बघताक्षणी ओळखू यायचा. पण तळाच्या एका सांध्यात वातच नव्हती. कोणीतरी ती उपटून काढून वर नुसती राळ फासली होती.

"दादा, हे कोणी केलं?"

"तुला बुजवायला बोलावलंय, उकरायला नाही."

मेहुण्याचं डोकं सणकलं. "दुसरा माणूस बघा," म्हणाला आणि छिन्नी-हातोडी होडीतच टाकली. शेवटची बस केव्हाच गेली होती, म्हणून शेजारच्या शेडमध्ये आडवा झाला.

दीडच्या सुमाराला जाग आली. टक्... टक्... टक्.

थोरला स्वतःच ठोकत बसलाय की काय, म्हणून त्याने टॉर्च मारला. होडीपाशी कोणी नाही. छिन्नी-हातोडीही नाही. आवाज थोरल्याच्या घरातून येत होता.

खोलीत दिवा होता. दाराच्या फटीतून उजेडाची उभी रेघ दिसत होती. टक्. रेघ खालून वीतभर विझली. टक्. आणखी वीतभर. कोणीतरी आतून फट बुजवत होतं.

"दादा?"

"दार तोड!" थोरला आतून किंचाळला. "हा... हा मला..."

टक्.

"पाणी भरतंय रे... चुकलो मी... भाऊ, चुकलो..."

मेहुण्याने खांदा मारला. दार हलेना.

टक्.

रेघ संपली.

मग... काहीच नाही.

शेजारी कुऱ्हाड घेऊन धावले. दार फुटलं तसा पाण्याचा लोंढा त्यांच्या अंगावर आला. खारट पाणी. थोरला आत पालथा पडलेला, बुडून मेलेला. त्या खोलीत ना नळ, ना मोरी. मला विचाराल, तर मला काडीचीही दया आली नाही. सख्ख्या भावाला असा बुडवणाऱ्याची कसली दया?

दाराच्या आतल्या कडेला वात घट्ट बसवलेली होती. मेहुण्याने एक तुकडा ओढून काढला. पीळ उलटा.

घरात ठेवायची त्याची छाती होईना, म्हणून माझ्याकडे दिला. तो बघा, त्या खिळ्याला टांगलाय. भर उन्हाळ्यातही वाळला नाही. खाली वाटी ठेवावी लागते.

सकाळीच ओतून सुकायला पालथी घातली होती ती मी. आता सरळ आहे... आणि काठोकाठ भरलीय.