दोन शिल्लक

भिसेगावच्या आमच्या घरी पडवीच्या भिंतीवर एक जाड, गोल लाकडी फळी टांगलेली असे. माझे वडील, नाना, खोपोलीच्या वीजघरात नकाशे काढण्याच्या कामावर होते. तिथला एक साहेब विलायतेला परत जाताना ती फळी आणि हाताने फेकायचे पितळी टोकांचे तीन बाण त्यांना देऊन गेला. फळीवर तारेने आखलेली वीस घरं होती आणि कडेने बोटाएवढी अरुंद पट्टी. त्या पट्टीत बाण रुतला की घराचा आकडा दुप्पट धरायचा. झोपण्यापूर्वी नाना फळी घंगाळात बुडवून ठेवत. लाकूड फुगून भोकं बुजत आणि सकाळी फळी पुन्हा कोरी होई. आमच्याकडे कामाला येणारी जना म्हणे, “नानांचा द्येव बरा हाय, रोज न्हातो.”

घरात माझ्याशिवाय कोणी खेळणारं नव्हतं. तीनशे एकापासून सुरुवात करायची, प्रत्येक पाळीला तीन बाण, लागेल तो आकडा वजा. नेमकं शून्य यायला हवं आणि तेही शेवटचा बाण पट्टीत लागूनच. जास्त लागलं किंवा एकच उरला, तर ती पाळी फुकट. आकडा पाळीपूर्वी होता तिथेच परत. हा नियम नानांना फार आवडे. माणसाला इतकी सवलत दुसरीकडे कुठे मिळते, असं ते म्हणत.

शेवटच्या आजारात त्यांचा हात थरथरू लागला. आमचा शेवटचा डाव अर्धा राहिला. पाटीवर माझ्या नावाखाली बत्तीस होते आणि त्यांच्या नावाखाली दोन. त्यांना एकाची दुप्पट हवी होती. पण बाण पट्टीच्या अलीकडे, साध्या एकात जाई. एक उरला की पाळी फुकट, पुन्हा दोन. ते न चिडता बाण उपटत. “आज राहू दे, चारू,” म्हणत. त्याच आठवड्यात ते गेले.

दहाव्याला उल्हास नदीच्या काठी कावळा शिवला नाही. शरदकाकांनी हात जोडून सगळी वचनं दिली. वहिनींना अंतर देणार नाही, घर विकणार नाही. चारूचं लग्न करून देतो म्हणाले, तेव्हा कावळे उलट पलीकडच्या झाडावर जाऊन बसले. हे काकांनीच घरी येऊन सांगितलं. त्यांना हसू येत होतं आणि रडूही. शेवटी दर्भाचा कावळा करून भटजींनी विधी उरकला.

आईने तो मानला नाही. ती रोज दुपारी परसाच्या कडेच्या दगडी गडग्यावर भाताचं पान ठेवू लागली. कावळा त्याला शिवल्याशिवाय ती जेवत नव्हती. कपभर दुधावर राही. महिना होत आला होता. तिच्या हातातल्या पाटल्या कोपरापर्यंत सरकत. मी समजावून थकले होते. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

अशा दिवसांत एका सकाळी माझा हात फळीला लागला. ती ओली होती.

चैत्राचा उन्हाळा होता. महिनाभर कोणी न भिजवलेलं लाकूड एव्हाना तडकायला हवं होतं. मी जनाला विचारलं.

“मी नाय गं बाई हात लावला,” ती म्हणाली. “पन घंगाळ रोज पालथं करून ठेवते नं मी, ते सकाळी भरलेलं असतं. मला वाटलं तुमीच.”

भिंतीला ओल आली असेल, जना विसरली असेल, आई झोपेत उठत असेल, अशी सगळी कारणं मी नीट तपासून पाहिली.

त्या दुपारी आतल्या खोलीत वाचत असताना पडवीतून आवाज आला. टक्. थोड्या वेळाने पुन्हा. बाहेर कोणी नव्हतं. बाणांची डबी उघडी होती आणि एक बाण साध्या एकात रुतलेला होता. पट्टीच्या केसभर अलीकडे.

दुसऱ्या दिवशीही तिथेच. तिसऱ्या दिवशीही. पाटीवरचे दोन तसेच होते.

आई उंबऱ्याशी तांदूळ निवडत होती. ती आयुष्यात कधी खेळली नव्हती. नियम तिला ठाऊक असतील असं मला वाटलंही नव्हतं. सुपातून मान वर न करता ती म्हणाली, “अजून जमत नाही ना गं त्यांना?”

मी तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, “मग तू संपव.”

“मी संपवला तर ते हरतील, आई.”

“हरू देत. पण सुटू देत.”

तिने सूप बाजूला ठेवलं. पान वाढून परसात नेऊन ठेवलं आणि दारातच उभी राहिली.

मी तिन्ही बाण घेतले. मला सोळाची दुप्पट हवी होती.

पहिला बाण साध्या सोळात गेला. सोळा उरले.

दुसरा फळीबाहेर, भिंतीत.

तिसरा आठाच्या पट्टीत.

शून्य.

मी ओल्या फडक्याने पाटी पुसली. दोन सगळ्यात शेवटी पुसले.

परसातून पंखांची फडफड ऐकू आली. आईने मला हाक मारली नाही. मी गेले तेव्हा कावळा पानातला भात खात होता आणि ती पदर तोंडाशी धरून उभी होती. त्या दुपारी ती जेवली. दोनदा भात घेतला. संध्याकाळी लवकर झोपली, घोरलीसुद्धा.

सकाळी मी पडवीत आले. फळीखालच्या फरशीवर पाणी ठिबकत होतं.

पाटीवर नवा डाव मांडलेला होता. माझ्या नावाखाली तीनशे एक. हरलेल्याने आधी टाकायचं, हा नानांचाच नियम. त्यांच्या नावाखाली दोनशे एकेचाळीस. आकडे नकाशावर काढावेत तसे रेखीव होते. तिन्ही बाण विसाच्या घरात, एकमेकांना चिकटून रुतले होते.

त्यांचा हात आता थरथरत नव्हता.

स्वयंपाकघरात आई जनाशी बोलत होती. “सुटले गं ते,” असं म्हणाली. भाकरी थापल्याचा आवाज येत होता.

मी बाण उपटले. माझी पाळी होती.