‘भंगार’ऐवजी ‘मयुरी’

विषय : कु. मयुरी, इयत्ता चौथी, हिचे शाळेतील नाव बदलून मिळणेबाबत.

उपरोक्त विषयी नमूद करतो, की यात चूक माझी आहे.

मी निवृत्त लिपिक. धामणगाव बढ्याजवळ तलावाकाठी घर बांधले. अक्षर बरे, म्हणून कोळ्यांनी होड्यांवर नावे रंगवायचे काम माझ्या गळ्यात टाकले. इथली नावे ऐकून परका माणूस हसतो : फुटकी, नकटी, उधारी. राजकुमारने तर हौसेने ‘पाणबुडी’ असे नाव ठेवले आहे. तीत बसायला अजून एकही पाहुणा तयार झालेला नाही.

दसऱ्याला कचरूने नवी होडी आणली.

“बाबूजी, ‘भंगार’ लिहून द्या.”

“तू कचरू, ती भंगार. ग्रामपंचायतीची गाडी दोघांना एकदमच उचलेल.”

तो हसला. “थोरले दोघं गेले, मंग मायनं मले कचरू म्हटलं. कचऱ्याले कोन नेते? पान्याचंबी तसंच हाये, बाबूजी. चांगलं नाव त्याले आवडते.”

मी चार पुस्तके वाचलेला माणूस. लोकांना सुधारायची मला खाज. शेजारी त्याची मुलगी उभी होती. मी ठळक अक्षरांत ‘मयुरी’ रंगवले आणि तलावाकडे तोंड करून खणखणीत आवाजात वाचून दाखवले. पोरीने टाळ्या वाजवल्या. कचरूने होडी तशीच पाण्यात लोटली. बाबूजींना नाही कसे म्हणायचे?

दिवाळीनंतर एका सकाळी तो दारात आला.

“काल दिवेलागणीले तुमी मयुरीले काऊन बलावत होते?”

“मी? मी घरातच होतो.”

“मस्करी नोका करू... पोरगी गुडघाभर पान्यात गेलती. म्हने, बाबूजी बलावून राह्यले. मीबी आयकला ना... आवाज तुमचाच व्हता.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघे काठावर बसलो. वारा पडला होता. रातकिडे एकाएकी गप्प झाले. मग ताज्या ऑइलपेंटचा वास आला, आणि काळ्या पाण्याच्या मधोमधून माझा आवाज... तोच, शिकवणारा, जरा फुशारलेला.

“मयुरी...”

कचरूने माझ्या तोंडाकडे पाहिले. ते मिटलेले होते. मागे त्याच्या घराचे दार वाजले. पोरगी अनवाणी आमच्या दिशेने येत होती, हसत. त्याने तिला उचलले आणि घरात नेले.

होडीवरचे नाव मी खरवडले, ‘भंगार’ लिहिले. हाका थांबल्या नाहीत. दिवस कलला की मयुरीची आई, बेबीताई, तिचा हात आपल्या पदराला बांधून ठेवतात.

अखेर पोरीचेच नाव बदलायचे ठरले. दार लावून, बारशाला सांगतात तसे, बेबीताईंनी तिच्या कानात नवे नाव सांगितले : धोंडी.

“मयुरी चांगलं व्हतं,” असे म्हणून पोरगी रडली. चांगले होते, हीच तर अडचण.

शाळेच्या हजेरीत जुने नाव रोज पुकारले जाते, म्हणून मी अर्ज लिहिला आणि बंद पाकिटात दिला. आयुष्यभर मी लोकांचे अर्ज त्रुटी काढून परत केले. ‘कारण’ या रकान्यापाशी माझाच हात अडला. ‘घरगुती’ असे लिहिले.

काल माझी पत्नी वंदना दिवेलागणीला किराणा घेऊन परतली. मला खुर्चीत पाहून ती उंबऱ्यातच थबकली.

“अहो... आत्ता तलावावर होता ना तुम्ही?”

“नाही.”

“मग धोंडी, धोंडी अशा हाका... आणि ही धोंडी कोण?”

नवे नाव मी तिला सांगितलेले नव्हते.

मी तसाच कचरूच्या घरी धावलो. पोरगी आईच्या कुशीत झोपली होती. पदराची गाठ पक्की होती. बेबीताई म्हणाल्या, “हालली बी नाई, बाबूजी.”

पोरीचे तळपाय ओले होते.

आज शाळेत चौकशी केली असता, अर्ज प्रलंबित असल्याचे समजले.