फोनातला पाग

आमच्याकडे बायका पाग मारत नाहीत. बायका मासे विकतात, खारवतात, सुकवतात आणि घोवाने, म्हणजे नवऱ्याने, आणलेल्या मासळीला नावं ठेवतात. मीही सव्वीस वर्षं तेवढंच केलं. दोन वर्षांपूर्वी आमच्या ह्यांना, म्हणजे शंकरना, झटका आला. वाचा राहिली, पाय थोडेफार राहिले, उजवा हात मात्र खांद्यापासून गेला. पाग खुंटीला लटकत राहिला. एका सकाळी मी तो काढला आणि खाडीवर गेले. कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर कुणीतरी नको म्हणालं असतं.

पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, कडेने शिशाचे मणी ओवलेलं. दोरी डाव्या मनगटाला बांधायची, अर्धं जाळं डाव्या कोपरावर घ्यायचं, कडेचा एक मणी दातात धरायचा, कमरेतून वळायचं आणि सगळं एकदम सोडायचं. नीट पडला तर तो पाण्यावर परातीसारखा गोल बसतो. माझा गाठोड्यासारखा पडायचा. खाली सापडलीच तर एखादी म्हातारी बोय मासळी सापडायची, जिला पळायचा कंटाळा आला असेल.

घर तोंडवलीत, खाडीच्या अंगाला. पडवीपासून काठ शंभर पावलांवर, पण मधे माड आणि कांदळवन. खुर्चीत बसलेल्या ह्यांना पाणी दिसत नाही. म्हणजे चुका करणारी बाई काठावर आणि चुका सांगणारा माणूस पडवीत. तोडगा उर्वशीने काढला. ती आमची मुलगी, कट्टा गावात औषधांच्या दुकानात कामाला आहे, रविवारी घरी येते. काठावर बादली उपडी घालायची, तिच्यावर नारळाच्या दोन करवंट्यांच्या आधाराने फोन उभा करायचा, व्हिडिओ चालू करून पाग मारायचा आणि घरी नेऊन बाबांना दाखवायचा. चित्र हळू कसं करायचं तेही तिने मला शिकवलं.

हळू केलेल्या चित्रात माणसाला लपता येत नाही. पहिल्यांदा स्वतःला बघितलं तेव्हा वाटलं, ही कोण बया पाण्यात धुणं फेकतेय. ह्यांनी मात्र गंभीरपणे बघितलं. डाव्या बोटाने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा थांबवलं.

"दात आधी सोडतंस," हे म्हणाले. "हात मागसून. आणि कमर खंय वळता?"

असं दोन महिने चाललं. सकाळी ओहोटी असली की मी खाडीवर, पेजेच्या वेळी फोन ह्यांच्या मांडीवर. पाग हळूहळू उघडायला लागला. आधी केळीच्या पानासारखा लांबट, मग सुपासारखा. परात काही झाली नाही.

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. पाग पडताना त्याला चांगलं म्हणायचं नाही. काठावरचा कुणीच म्हणत नाही. सासरे सांगायचे, पाण्यावर केलेलं कौतुक ज्याचं त्यालाच पोचतं असं नाही. मग मधे कोण घेतं, असं मी नवी नवरी असताना विचारलं होतं. त्यांनी तंबाखू मळायला घेतली. ह्यांनी तर हा नियम घरातसुद्धा पाळला. माझ्या माशांच्या तिखल्याला कधी बरं म्हणाले नाहीत, उर्वशी झाली तेव्हा नाहीत, मी पाग उचलला तेव्हाही नाहीत. ताट चाटूनपुसून ठेवायचे, त्यावर मी सव्वीस वर्षं भागवलं. पण माणसाला एकदा तरी शब्द ऐकावासा वाटतो. गाठोडं टाकत टाकत मी रोज खाडीत उतरत होते ती बोयीसाठी नव्हे, हे आता लिहायला हरकत नाही.

मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी पाग फार वाईट पडला. मला आठवतं, कारण दोरी बोटात अडकली आणि मी स्वतःलाच शिवी दिली. मणी टप टप टप करत एकेक पडले. घरी आले, फोन ह्यांच्या हातात दिला आणि चुलीकडे वळले.

मागून आवाज आला, "बरो पडलो."

मी पळी हातात घेऊन बाहेर आले. फोनात मी होते. तेच निळं लुगडं, तोच काठ, तीच पलीकडची मोडकी होडी. पाग हवेत उघडला, क्षणभर थांबला आणि पाण्यावर बसला. जवळजवळ गोल. मणी टपटपले नाहीत. एकच आवाज आला, छप.

वाटलं, कोन वेगळा दिसत असेल. फोन खालून बघतो, मी वरून बघते. आनंद व्हायला हवा होता, आणि खरं सांगते, रात्रभर झालाही. पण आधी मी ह्यांना नियमाची आठवण करून दिली.

"ह्यो काय खाडीचो काठ?" हे हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा दोन्ही बाजूंनी हसले. "ह्यो फोन. घरात म्हटला तर काय जाता?"

त्यानंतर ती सुधारतच गेली. मी "ती" म्हणते, कारण मी सुधारत नव्हते. काठावर माझा पाग पुन्हा लांबट व्हायला लागला, मग पुन्हा गाठोडं. फोनात मात्र तो रोज उघडायचा. तिची कंबर वळायची. दात आणि हात एकाच वेळी सुटायचे. ह्यांनी माझ्या ज्या ज्या चुका सांगितल्या होत्या, त्या तिने दुरुस्त केल्या. आणि प्रत्येक वेळी हे म्हणायचे, बरो पडलो.

रविवारी मी उर्वशीला खाडीवर नेलं. बादलीवर नको, म्हटलं, तूच हातात धर. तिने धरला. मी पाग मारला, तो काठालगत चिखलात बसला, उर्वशी मनमोकळं हसली. मग तिने तिथेच उभं राहून व्हिडिओ लावला आणि तिचं हसू गेलं. छप, असा आवाज मी तिच्या हातातून ऐकला. तिने तीनदा बघितलं.

"आये," ती म्हणाली, "पाग मारल्यार तू घराकडे बघितलंस?"

मी बघितलं नव्हतं. मी चिखलातला पाग ओढत होते. तिने फोन माझ्या हातात दिला, जुना झालाय, नवीन घेऊया, एवढं बोलली आणि दुपारच्याऐवजी सकाळच्याच एसटीने परत गेली.

मी मुळातच जळकी बाई. लग्नानंतर पहिली दोन वर्षं मी त्या पागावर जळले, कारण हे माझ्यापेक्षा त्याला जास्त हाताळायचे. मग सुभद्रेवर, माझ्या धाकट्या जावेवर, कारण तिचा घो चारचौघांत तिच्या तिसऱ्यांच्या कालवणाची तारीफ करायचा. पण ते जळणं चटणीसारखं, जेवणाबरोबरचं. हे वेगळं होतं. हे आता सकाळी उठल्याबरोबर दाढीचं सामान मागायचे. डाव्या हाताने तोंड कापून घ्यायचे, पण दाढी करायचे. पेजेच्या आधी फोन मागायचे. मी समोरून गेले तर मान थोडी बाजूला करायचे, चित्र अडतं म्हणून.

आणि चित्र लांबायला लागलं होतं. मी पाग पडला की येऊन बंद करायची. फोनात तसं दिसत नव्हतं. ती पाग ओढायची, बोय टोपलीत टाकायची, पाच, सहा, सात. मग घराकडे बघायची. एकदा ती टोपली कमरेला लावून चालत चित्राबाहेर गेली, घराच्या बाजूला, आणि मग फक्त पाणी दिसत राहिलं.

एका दुपारी मी ह्यांना बोलताना ऐकलं. फोनाला म्हणत होते, "शेवंत्या."

हे नाव मी बावीस वर्षांत ऐकलं नव्हतं. माझं लग्नानंतरचं लाडाचं नाव आहे ते. उर्वशी मोठी झाली तशी मी "गो" झाले आणि तशीच राहिले.

मी समोर जाऊन उभी राहिले. विचारलं, ती बरी की मी बरी.

"ती म्हणजे कोण? तूच मगे," हे म्हणाले, अगदी शांतपणे. हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं.

"मग माझ्या तोंडार म्हणा. एकदा."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग फोनातून छप आवाज आला आणि नजर खाली गेली.

त्या संध्याकाळी मी सगळे व्हिडिओ पुसले. एकशेचौदा होते. पुसताना एकही उघडला नाही. फोन बंद करून तांदळाच्या डब्यात खाली घातला. वाईट वाटलं नाही. सवत घराबाहेर काढल्यावर कुणाला वाईट वाटतं?

दुसऱ्या दिवशी ह्यांनी फोन मागितला नाही. दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि पडवीत जाऊन बसले. मी पाग घेतला. फोन नाही, बादली नाही. ऊन स्वच्छ होतं. ओहोटी लागली होती. मी गुडघाभर पाण्यात उतरले, दोरी मनगटाला बांधली, जाळं कोपरावर घेतलं, मणी दातात धरला. आज मी मारणार होते तो माझा होता. त्याला कुणी बरं म्हणो न म्हणो.

मी कंबर वळवली.

समोर पाण्यावर छप झालं.

एकच आवाज. पाण्यावर गोल उमटलं, परातीएवढं नव्हे, अंगणाएवढं, आणि कडा सगळीकडून एकदम बुडाल्या. बाकी खाडी शांत होती. होडी नव्हती, माणूस नव्हतं. माझं जाळं माझ्या कोपरावर होतं. मणी माझ्या दातात होता.

पडवीकडून, माडांपलीकडून, ह्यांचा आवाज आला. झटक्याआधी होता तसा, खाडीपार जाणारा.

"बरो पडलो गो!"

काठावर म्हणू नये ते ह्यांनी काठाला ऐकू जाईल असं म्हटलं. आणि पडवीतून पाणी दिसत नाही.

मी पाग मारला नाही. तसाच कोपरावर घेऊन चढ चढले. कांदळवनातून येताना पायांना घाई होती, पण पावलं छोटी पडत होती, परक्या घरी जाताना पडतात तशी.

हे खुर्चीत ताठ बसले होते. मला बघून सावरले. गुडघ्यावरचं धोतर खाली ओढलं. गिऱ्हाईक आलं की ओढायचे तसं.

"येवा," म्हणाले. "बसा. बायल खाडीर गेली हा. इतक्यात येतली."

"अहो," मी म्हटलं. "मी."

"व्हय, व्हय," हे म्हणाले, मान देऊन, समजूत काढल्यासारखं. "बसा तुमी. ती इली काय चाय करतली."

मी पायरीवर बसले. उठून आत जाता आलं असतं. घर माझं होतं. पण बसा म्हटल्यावर माणूस बसतं.

मागल्या दारी कुणीतरी शिशाचे मणी दगडावर ठेवले. पाणी ओतल्याचा आवाज आला, मग पाय धुतल्याचा. ह्यांनी गळ्याशी सदऱ्याचं बटण डाव्या हाताने लावलं आणि दाराकडे बघत राहिले. असं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं होतं की नाही, मला आठवेना.

आत आधण ठेवलं गेलं. साखरेच्या डब्याचं झाकण उघडलं, लागलं.

मग कप मांडले. मी कान देऊन ऐकलं. दोनच होते.