सात मिनिटं थांबलेली बस

कोल्हापूरच्या विमानतळाबाहेर बसथांब्यावर पाटी होती, ‘मंडई. दर दहा मिनिटांनी बस.’ आणि त्या पाटीखाली केतकी चौगुले सत्तावीस मिनिटं उभी होती.

दहाची बारा होतात, फार तर पंधरा, त्याबद्दल कुणी काही बोलत नाही. पण सत्तावीस! बरं, एकही बस बंद पडलेली नव्हती. २०५१ सालच्या त्या गाड्या विजेवर आणि आपल्या आपण चालत, त्यांना ना चहा लागे ना डुलकी. मग वरची सतरा मिनिटं गेली कुठं?

एरवी असं कोडं पुढ्यात आलं असतं, तर ते सुटल्याशिवाय केतकीनं ताटाला हात लावला नसता. गणितात अकरा वर्षांच्या त्या पोरीचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. आज मात्र तिचं सगळं लक्ष मनगटावरच्या निळ्या पट्टीकडे होतं. एकट्यानं विमानानं येणाऱ्या प्रत्येक मुलाला तशी पट्टी बांधत. घरच्या माणसानं तिच्यावर अंगठा टेकवला की मूल पोचलं. साडेपाचपर्यंत अंगठा टेकला नाही तर पट्टी लाल होणार, एक गाडी येऊन केतकीला उचलणार आणि सातच्या विमानानं तिची रवानगी परत बंगळूरच्या वसतिगृहात. सुट्टीतलं वसतिगृह तिनं एकदा पाहिलं होतं. बत्तीस खाटा आणि त्यातल्या एकीवर ती. बाबा जहाजावर होते, ते दिवाळीशिवाय येणार नव्हते.

अंगठा टेकवणारं माणूस एकच होतं, तात्या. तिच्या आईचे वडील. मंडईत त्यांचा पालेभाजीचा गाळा होता. आई सांगायची, जुड्या बांधून बांधून तात्यांच्या अंगठ्याला सुतळीची खाच पडली आहे आणि लहानपणी त्या खाचेत बोट ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे. पण आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्या तीन वर्षांत तात्यांचे फोन आले होते मोजून दोन. दुसऱ्यात तर “जेवलीस का?” एवढं विचारून ते गप्पच झाले होते. केतकीला सुट्टीला पाठवतो असं बाबांनी कळवलं, तेव्हा उत्तर आलं, “पाठवा. विमानतळावर यायला मला जमायचं नाही. बसनं मंडईत यावं.”

आता तुम्हीच सांगा, असं उत्तर वाचून कुणाला काय वाटेल? ‘त्यांना मी नकोच आहे,’ केतकीनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तरी तिनं थांब्यावरून दोनदा फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला.

पावणेपाच वाजले आणि वळणावरून बस आली. तिच्या मागे दुसरी. आणि दुसरीच्या पाठीला पाठ लावून तिसरी! पहिलीत एमआयडीसीतून सुटलेली माणसं दारापर्यंत कोंबलेली. दुसरी निम्मी भरलेली. तिसरी अगदी रिकामी. थांब्यावरची चारपाच माणसं पहिलीकडेच धावली. केतकीही बॅग ओढत धावली, पण तिच्यासाठी कुणी सरकेना. शेवटी ती तिसऱ्या बसमध्ये चढली.

दारात एक यंत्रमानव उभा होता. तिकिटं केव्हाच बंद झाली होती, पण पिशवी नसलेल्या कंडक्टरला कोल्हापूरकर कंडक्टर मानायला तयार होईनात, म्हणून त्याच्या गळ्यात चामड्याची पिशवी अडकवलेली. छातीवर कुणीतरी रंगानं नाव घातलं होतं, ‘सर्जा’. बोलणं तो उतारूंकडूनच शिकला होता, त्यामुळे ते कसं असणार हे सांगायला नको.

“ये की गं! बस कुठंबी. सगळी गाडी तुझीच हाय.”

“सत्तावीस मिनिटं!” केतकी फणकारली. “एवढा उशीर केलात आणि आलात ते तिघं एकदम!”

“उशीर? मी तर तीन मिनिटं आधीच आलोय.”

केतकीनं बोटांवर मोजलं. पहिली दहाव्या मिनिटाला यायची ती आली सत्ताविसाव्याला, म्हणजे सतरा मिनिटं उशीर. दुसरी विसाव्याला यायची, तिला सात मिनिटं उशीर. तिसरी तिसाव्याला यायची, ती खरंच तीन मिनिटं लवकर होती. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी एकीला उशीर आणि दुसरीला घाई?

बस चालू लागली. सर्जानं पिशवीतून कोऱ्या तिकिटांचं भेंडोळं आणि भोकं पाडायचा चिमटा काढला. दोन्ही आता शोभेपुरतेच उरले होते.

“हे बघ. दोन बसमधल्या वेळाला म्हणायचं अंतरकाळ (एक बस गेल्यापासून पुढची येईपर्यंतचा वेळ). आपला अंतरकाळ दहा मिनिटं. समज, थांब्यावर मिनिटाला दोन माणसं येत्यात. दहा मिनिटांत किती?”

“वीस.”

खटखट खटखट. सर्जानं वीस भोकं पाडली. “एका माणसाला चढाय तीन सेकंद. वीस माणसं, साठ सेकंद. बस एक मिनिट थांबली आणि गेली. इथवर सगळं झ्याक. आता समज, ह्या बसला कुठंतरी दोन मिनिटं उशीर झाला.”

“मग ती बारा मिनिटांनी येणार. चोवीस माणसं.” सर्जानं आणखी चार भोकं पाडली आणि ते तिकीट घेऊन केतकी सरसावून बसली. “बहात्तर सेकंद! म्हणजे उशीर आणखी बारा सेकंदांनी वाढला.”

“पुढच्या थांब्यावर?”

“तिथं त्याहून जास्त माणसं असणार. ती घ्यायला आणखी वेळ. म्हणजे आणखी उशीर... आणि आणखी माणसं!”

“ह्याला म्हणत्यात प्रत्याभरण (परिणाम उलटा फिरून आपल्याच कारणाला जोर देतो, ते). उशिरानं गर्दी वाढती आणि गर्दीनं उशीर. आता तिच्या मागच्या बसचं सांग.”

केतकीनं खिडकीबाहेर पाहिलं. एक थांबा आला. पुढच्या दोन बसनी सगळी माणसं उचलली होती, बाकड्यावर एक कुत्रं तेवढं झोपलेलं होतं. बस थांबलीच नाही, सरळ पुढं गेली.

“मागच्या बसला आठच मिनिटांची माणसं मिळणार, म्हणजे सोळा,” ती हळूच म्हणाली. “अठ्ठेचाळीस सेकंद. तिचे बारा सेकंद वाचले. तिला माणसंच कमी मिळतात, म्हणून ती पळत सुटते आणि पुढचीला गाठते.” थोड्या वेळानं ती म्हणाली, “म्हणजे पहिली बस आळशी नाही. तिच्यावर सगळ्यांचं ओझं पडलंय.”

“भले शाब्बास!”

“पण पहिली दोन मिनिटं कशानं गेली?”

सर्जा थोडा ओशाळला. यंत्रमानवाला ओशाळता येतं का, असं विचाराल तर मला माहीत नाही, पण त्यानं पिशवीचा बंद उगाच चाळवला एवढं खरं. “दुपारी पावणेतीनला राजारामपुरीत एक म्हातारा पिशवी घेऊन पळत येत होता. पहिल्या गाडीनं दार धरलं. इथं पळणाऱ्या माणसाला टाकून जायची रीत न्हाई बघ. आमाला सुरुवातीला शिकवलं होतं, वेळ झाली की दार लावा. तर आतली माणसं दारात पाय घालून ‘अरं थांब की, येतोय त्यो!’ म्हणून वरडायची. रोज रोज तेच. मग आमीच शिकलो थांबायला.” त्या दोन मिनिटांची दीड फेरीत सतरा मिनिटं झाली होती.

पाच वाजून दोन मिनिटांनी विद्यापीठाचा थांबा आला. सर्जाच्या छातीवरचा दिवा लुकलुकला. “नियंत्रण कक्षाचा सांगावा आलाय. पहिल्या गाडीनं आता माणसं नुसती उतरवायची, चढणारी मागच्यांनी घ्यायची. आणि मी हितं सात मिनिटं थांबायचं. माझ्या मागची बस तेरा मिनिटांवर हाय. मी थांबलो तर पुढं सात आणि मागं सहा, असं अंतर पडतंय.” तो घुटमळला. “पण गाडीतल्या उतारूला इचारल्याशिवाय थांबता येत न्हाई. उतारू तू एकटीच.”

केतकीनं पट्टीकडे पाहिलं. इथून मंडई वीस मिनिटं. लगेच निघालं तर पाच बावीस. थांबलं तर पाच एकोणतीस, वर बॅग ओढत गाळा शोधायचा. म्हणजे पट्टी लाल होणार, गाडी येणार आणि पुन्हा त्या बत्तीस खाटा.

“नाही थांबलो तर?”

“तर मी रिकामाच ह्या दोघींच्या मागं पळणार. आणि आमच्या मागं जो कोण थांब्यावर येईल, त्यो तुझ्यागत उभा राहणार.”

तिला ती पाटी आठवली. प्रत्येक वळणाऱ्या गाडीकडे मान उंचावून बघणं आठवलं, वाजून बंद होणारा फोन आठवला. तिला रडू आलं. ते तिनं गिळलं आणि ती म्हणाली, “थांब.”

“बघ हां. तुझी पट्टी...”

“थांब म्हटलं ना! माझी वाट कुणी बघत नाहीये तिथं. निदान दुसऱ्या कुणाला तरी वेळेवर बस मिळू दे.”

पुढच्या दोन्ही बस निघून गेल्या. दार उघडं होतं. रिकाम्या गाडीत केतकी एकटी बसली होती आणि इतकं एकटं तिला वसतिगृहातसुद्धा वाटलं नव्हतं. थांब्यावरच्या बाकावर एक म्हातारा पाठमोरा बसला होता. पायाशी कापडी पिशवी, तिच्या तळाला जांभळा डाग. दोन बस गेल्या तरी तो उठला नव्हता. ही तिसरी काही हलेना, तेव्हा त्यानं वळून पाहिलं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठला आणि दाराशी आला.

“मंडईलाच जाती न्हवं?” त्यानं सर्जाला विचारलं आणि आधाराला दाराची दांडी धरली.

त्या दांडीवर केतकीच्या डोळ्यांसमोर त्याचा अंगठा होता. अंगठ्याच्या पेराला आडवी, खोल, सुतळीची खाच होती.

“तात्या?”

म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि तो तसाच पायरीवर उभा राहिला. सर्जानं एरवी “वर या, वर या” म्हणून कालवा केला असता, पण आज त्यानं नुसतं दार धरून ठेवलं.

“हुबेहूब आईवर गेलीस,” तात्या शेवटी म्हणाले. “मी निघालोच होतो गं तुला आणाय. न्हाई म्हणून कळवलं, पण राहवंना. राजारामपुरीत पळत बस गाठली. हितवर आलो आणि पुढं पाय उचलंना. तुझ्या आईला त्याच विमानतळावर सोडलं होतं. हात हलवून गेली, ती परत आलीच न्हाई. हितं उतरलो. परत जावं तर तुला तोंड कसं दाखवू? दोन तास झालं, बसूनच हाय.”

“फोन तरी उचलायचा!”

“गाळ्यावरच राहिला.”

“आजचा नाही. तीन वर्षांचा.”

तात्या तिच्या शेजारच्या सीटवर टेकले. “एक आठवडा जमलं न्हाई. मग महिना झाला. मग वाटाय लागलं, महिन्याचं काय सांगू पोरीला? जितका उशीर, तितकं बोलायचं साठलं आणि जितकं साठलं, तितकं तोंड उघडंना.”

केतकीच्या मांडीवर अजून ते चोवीस भोकांचं तिकीट होतं.

“तात्या, मला वाटलं तुम्हाला मी नकोय,” ती म्हणाली आणि तिला हुंदका आवरेना. “तुम्ही तर पहिली बस झालात.”

“आं?”

“सांगते. आधी अंगठा.”

तात्यांनी अंगठा टेकवला. पट्टी हिरवी झाली आणि आपोआप सुटून खाली पडली. तेव्हा पाच वाजून सहा मिनिटं झाली होती. पिशवीत पानाच्या द्रोणात करवंदं होती, आईची आवडती. दोन तासांत त्यांचा पार लगदा झाला होता, तरी दोघं ती खात बसले.

“म्हंजे आजचा समदा खोळंबा ह्यांच्या पळण्यानं झाला व्हय!” सर्जानं कपाळावर हात मारला. टण्ण असा आवाज आला. “आता काय करायचं? इथून पुढं पळणाऱ्याला टाकून जायचं?”

“मुळीच नाही,” केतकी जांभळ्या तोंडानं म्हणाली. “पळणाऱ्यासाठी थांबायचंच. फक्त थांबल्याबरोबर पुढच्यामागच्या सगळ्या बसना सांगायचं. प्रत्येकीनं अर्धं अर्धं मिनिट थांबायचं. मग एकटीवर ओझं पडणार नाही.”

सर्जाचा दिवा कितीतरी वेळ लुकलुकत राहिला. “कक्षाला कळवलंय,” तो म्हणाला. “उद्यापासून करून बघू म्हणत्यात. दार लावू का?”

सात मिनिटं संपली होती. तेवढ्यात विद्यापीठाच्या फाटकातून तीन मुली पळत आल्या, त्यांना घेऊन बस निघाली. तात्या काहीतरी बोलायला म्हणून दोनदा खाकरले आणि दोनदा थांबले.

“तुम्ही नका बोलू इतक्यात,” केतकीनं त्यांच्या अंगठ्याच्या खाचेत आपलं बोट ठेवलं. “साठलेलं थोडं मागच्या बसनं उचलायचं असतं. मंडईपर्यंत मी बोलते.”