हिरवा पाणबुड्या

ही गोष्ट रचलेली नाही. जिच्या बाबतीत घडली ती बाई चष्म्याच्या काचा घासायचं काम करते. दिवसभर सगळं मोजूनमापून. उचलली जीभ लावली टाळ्याला, हा तिचा स्वभावच नाही. तिने हे एकदाच सांगितलं, तेही बसची वेळ सांगावी तशा आवाजात.

शनिवार होता. दुपारचे तीन.

तिसऱ्या मजल्यावरचं घर, बाहेर लख्ख ऊन. भुताखेताची ही वेळच नव्हे.

घरात ती एकटी होती. माहेरी तिला सगळे थोरली म्हणायचे, आपणही तेच म्हणू. धाकट्या बहिणीला म्हणायचे ठकी.

ठकी जाऊन सात महिने झाले होते.

थोरली रडली नव्हती. चौथ्या दिवशी कामावर हजर झाली. लोक म्हणाले, काळजाची घट्ट आहे. तसं काही नव्हतं. तिला काही वाटतच नव्हतं, इतकंच. भूकसुद्धा लागायची नाही. घड्याळ बघून जेवायची.

त्या आठवड्यात ठकीच्या नवऱ्याने एक खोकं पाठवलं. आत दोघींचा लहानपणीचा व्हिडिओ गेम. कंपनीने तो बनवणं कधीच बंद केलं होतं. जुनी यंत्रं जमवणारे एक गृहस्थ पाच वाजता तो न्यायला येणार होते. "चालतो का तेवढं बघून ठेवा," असं त्यांनी सांगितलं होतं.

म्हणून तिने तो टीव्हीला जोडला. कॅसेटवर फुंकर मारली आणि आत ढकलली.

चालू झाला.

पाणबुड्यांचा खेळ. लाल पाणबुड्या थोरलीचा, हिरवा ठकीचा. रिमोट एकच, त्यामुळे एकीची लाइफ गेली की दुसरीचा डाव. प्रत्येकीला तीन लाइफ. या खेळात वेळेची मर्यादा नव्हती. पाणबुड्या उभा राहिला तर तासभर उभा राहील, त्याला कोणी खात नाही. मात्र बंद केला की सगळं पुसलं जायचं. म्हणून दोघी तो दोन-दोन दिवस चालूच ठेवायच्या आणि आईला दिसू नये म्हणून टीव्हीवर चादर टाकायच्या. आई काय दूधखुळी होती? पण ती काही बोलायची नाही.

थोरलीने बटण दाबलं आणि लाल पाणबुड्या पाण्यात उतरला. पहिल्याच गुहेत त्याला माशाने गिळलं.

तीन उतरते सूर वाजले. लाइफ गेली की वाजायचे, तेच.

आणि मग... पडद्यावर हिरवा पाणबुड्या आला.

तिच्या लक्षात आलं. सवयीने तिने दोघींचा खेळ लावला होता. एकटीचा तिने जन्मात कधी लावलाच नव्हता.

ती बघत राहिली. हिरवा जागचा हलला नाही.

तेवढ्यात आत फोन वाजला. रिमोट सतरंजीवर ठेवून ती उठली. तेच गृहस्थ होते, पत्ता विचारत होते. ती सांगत होती, आणि बाहेरून आवाज आला...

टक. टक टक. टक.

बटणांचा.

मग तीन सूर.

ती बाहेर आली. रिमोट होता तिथेच होता. पडद्यावर लाल उभा, म्हणजे डाव तिचा. हिरव्याची एक लाइफ कमी झाली होती.

जुनं यंत्र, काहीतरी बिघडलं असेल. पण तिने कोपऱ्यात पाहिलं. हिरव्याच्या नावावर चाळीस शिंपले जमले होते.

चाळीस शिंपले तळातून गेल्याशिवाय मिळत नाहीत. आणि तळातून फक्त ठकी जायची. "शहाणे, वरून जा की," असं थोरली शंभरदा सांगायची. ठकी म्हणायची, "ताई, तू तुझं बघ ना."

थोरली भ्यायली नाही. भ्यायला तरी काहीतरी वाटावं लागतं. तिने आपला डाव खेळला, मुद्दाम हरली, आणि हिरव्याकडे बघत बसली.

पाच मिनिटं.

दहा मिनिटं.

तो हलला नाही. ती पाणी प्यायला आत गेली. पेला तोंडाला लावला, आणि...

टक. टक टक.

तीन सूर.

परत येऊन पाहिलं तर शिंपले ऐंशी. लाइफ एकच उरलेली.

तेव्हा तिला कळलं. ती बघत असेपर्यंत तो जात नव्हता.

दवाखान्यात ती अकरा दिवस ठकीच्या उशाशी बसली होती. डोळ्यांत तेल घालून. बाराव्या दिवशी ठकी म्हणाली, "ताई, जा, चहा घेऊन ये." ती खाली गेली. दहा मिनिटांत परत आली, तोवर सगळं संपलं होतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, "काही माणसं कोणी बघत असताना जात नाहीत हो." थोरलीला वाटलं होतं, सगळ्यांनाच त्या असं सांगत असतील.

तिने लालची लाइफ घालवली. हिरवा आला. शेवटचा डाव.

ती समोर बसली. या वेळी ती उठणार नव्हती.

पाच वाजता बेल वाजली. पुन्हा वाजली. फोनही वाजून वाजून थांबला. जिन्यातून उतरणारी पावलं तिने ऐकली.

सात वाजता नवरा कामावरून आला. दार त्याने आपल्या किल्लीने उघडलं. खोलीत दिवा नव्हता, फक्त टीव्हीचा निळा उजेड. तिने सगळं सांगितलं, पडद्यावरून नजर न काढता.

"बंद कर ना ते," तो म्हणाला.

"बंद केलं तर ती जाईल."

तो बूट काढून तिच्या शेजारी बसला.

"मी बघतो. तू दोन घास खाऊन घे. दुपारपासून उपाशी असशील."

"नजर काढू नकोस."

"नाही काढत."

ती स्वयंपाकघरात गेली. ताट वाढून घेतलं. पहिला घास घेतला.

"आहे ना?"

"आहे."

दुसरा घास.

"आहे ना?"

"आहे गं. जेव तू."

तिसरा घास तोंडात होता, आणि...

तीन सूर. हळू, पण स्पष्ट.

तिचा हात ताटावरच थांबला. तिला विचारायचं नव्हतं, तरी तिने विचारलं.

"आहे ना?"

बाहेरून लगेच उत्तर आलं नाही.

"आहे," तो म्हणाला.

थोरली उठली नाही. तिने चौथा घास घेतला. भाजी खारट झाली होती, हे तिला जाणवलं. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिला कशाचीतरी चव लागली होती. तिने सगळं ताट संपवलं, धुऊन जागेवर ठेवलं, आणि बाहेरच्या खोलीकडे न बघता जाऊन झोपली.

सकाळी टीव्ही बंद होता. यंत्र खोक्यात होतं, खोक्याला सुतळी बांधलेली.

तो तिच्यासाठी खोटं बोलला, की त्याला पडद्यावर खरंच कोणी उभं दिसत होतं, हे तिने त्याला अजून विचारलेलं नाही. तोही त्या संध्याकाळचा विषय काढत नाही.

फक्त तेव्हापासून ती जेवायला बसली की तो दुसऱ्या खोलीत जाऊन बसतो. मधूनच, कोणी काही विचारलेलं नसताना, हळूच म्हणतो... "आहे."