टाकीत उतरण्याचा परवाना

सकाळपासून नेरळ, कर्जत करत कॉम्प्युटर दुरुस्त करणारी इल्मा खोपोलीच्या त्या केमिकल कारखान्यात पोचली, तेव्हा दुपार कलली होती आणि तिचे डोळे चुरचुरत होते. काम तसं साधं होतं. कारखान्याच्या आतल्या वेबसाइटवर कुणालाच लॉगिन होत नव्हतं, आणि तिथून परवाना निघाल्याशिवाय टाकी साफ करायला माणूस उतरवता येत नसे. टाकीत उतरणारा सदू कमरेला पट्टा बांधून दाराशी ताटकळत होता.

"ताई, आमी उतरायचं का नाय?"

"थांबा जरा, सदूकाका."

सर्व्हरची खोली थंडगार होती. पंख्यांची एकसुरी घरघर चालली होती. दोष लगेच सापडला. सर्व्हरचं घड्याळ मागं, गेल्या वर्षीच्या अकरा ऑगस्टला गेलं होतं. वेळ जुळली नाही की तो कुणाचाच पासवर्ड मानत नाही. तिनं तारीख दुरुस्त केली, लॉगिन सुरू झालं. ती बॅग उचलते तोच मॅनेजर राजेश सरांची हाक आली, "मॅडम, परत बाहेर फेकलं!"

घड्याळ पुन्हा मागं. तीच तारीख. तिनं आतला सेल बदलला, वेळ परत लावली. तिच्या डोळ्यांदेखत आकडे फिरले. पुन्हा तीच.

"हे अकरा ऑगस्ट काय आहे..." ती स्वतःशीच पुटपुटली.

 दारातला सदू आवाज खाली आणून म्हणाला, "गेल्या साली त्या दिशी नवनाथ उतरला व्हता, ताई. तवाबी हे बंद पडलेलं. साहेब म्हनले, उतर, परवाना मागनं काढू. आतच गॅसनं गेला त्यो." 

राजेश सर घामाघूम होऊन आत आले. "मॅडम, ती पासवर्डची अटच काढून टाका. उद्या बघू. सदू, चल, उतर."

अट काढणं म्हणजे चुटकीचं काम. इल्मा इतकी दमली होती, की तिचं बोट कीबोर्डवर गेलंसुद्धा. मग तिला सदू दिसला. मुकाट्यानं पट्ट्याची कडी चाचपत होता.

"नाही सर. आधी गॅसचा मीटर सोडा."

 राजेश सर नजर चुकवून म्हणाले, "सोड रे मीटर."

तिघं टाकीपाशी आल्यावर सदूनं तिच्या तोंडातून दोरीनं मीटर खाली सोडला. तळाला टेकायच्या आधीच मीटर विषारी गॅसचा इशारा देत किंचाळायला लागला. 

"वर घ्या, काका."

सदूनं ओढलं. दोरी हलेना.

"ताई... जरा हात लावा."

मीटर तळहाताएवढा. पण दोघांचे खांदे भरून आले तरी दोरी बोटबोटभरच वर सरकत होती. तोंडाशी येता येता भार एकदम सुटला, आणि दोघं मागं कोलमडली.

मीटर वर आला. त्याच्या हातभर वर दोरीला एक फास पडलेला होता. माणसाला वर काढताना काखेखालून घालतात, तसा. सदूनं तो मारला नव्हता.

फास रिकामा होता. इल्मानं बोट लावलं. फासाची आतली बाजू घामानं ओली होती, आणि अजून गरम.